पट मांडा, पण नोंदवही घेऊन!

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली, की माळ्यावरचे एक जुने खोके खाली उतरते. त्यात कडा झिजलेला सापशिडीचा पुठ्ठा असतो, ल्यूडोच्या सोंगट्या असतात. त्यांतली एखादी बहुधा हरवलेली असते आणि तिच्या जागी सदऱ्याचे बटण खेळत असते. आजीचा डबा शोधला तर चार कवड्याही निघतात. सुट्टी संपली की हे सारे पुन्हा माळ्यावर जाते. "आता खेळ पुरे, गणिताला बसा," असे घरातली मोठी माणसे म्हणतात. खेळ निराळा आणि गणित निराळे, असे या वाक्यात गृहीत धरलेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, हे गृहीत कितपत खरे आहे ते आज तपासून पाहू या. नुसता पट समोर मांडला की गणित आपोआप येते, असे मुळीच नाही. तसे असते तर मोबाईलवर तासन्‌तास ल्यूडो खेळणारी सगळी माणसे गणिती झाली असती! तेथे फासा यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते आणि सोंगटीही यंत्रच सरकवते. खेळणाऱ्याच्या वाट्याला फक्त बोट टेकवणे उरते. पटावर गणित शिकतो तो स्वतः मोजणारा, अंदाज बांधणारा आणि निकाल लिहून ठेवणारा. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून आपण तीन पट मांडू: एक छापील, एक खडूने जमिनीवर आखण्याचा आणि एक ठाणे ते कल्याण या आपल्या रोजच्या रेल्वेमार्गाचा.

सापशिडी : मोजायचे कोणी?

सापशिडी ही मूळची आपल्याच देशातली. जुन्या मोक्षपटांत शिड्या सद्‌गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे असे. महाराष्ट्रात या पटाचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडण्याची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला. तेथे त्यातले मोक्षाचे तत्त्वज्ञान मागे पडले आणि १ ते १०० आकड्यांची शर्यत तेवढी राहिली.

ही शर्यत लहान मुलांना काय शिकवते, याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गरीब कुटुंबांतल्या, शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांना त्यांनी एका ओळीत १ ते १० घरे असलेला पट खेळायला दिला. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण त्यावर आकड्यांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांना संख्या ओळखणे, मोजणे, लहानमोठी संख्या सांगणे हे अधिक चांगले जमू लागले, आणि नऊ आठवड्यांनंतरही ही प्रगती टिकून होती. रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत ती दिसली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आकडे गोलाकार मांडून पाहिले, तेव्हा सरळ ओळीइतका उपयोग होत नाही असे आढळले. सरळ ओळीत संख्या जेवढी मोठी तेवढे अंतर जास्त, चालीही जास्त आणि वेळही जास्त. मुलाच्या डोळ्यांना, बोटांना आणि कानांना एकच गोष्ट एकाच वेळी कळते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट २०१४ साली एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी दाखवली. समजा, सोंगटी २७ वर आहे आणि दान पडले ४. बहुतेक मुले काय म्हणतात? "एक, दोन, तीन, चार." सोंगटी ३१ वर पोचते, पण मुलाने ३१ हा शब्द उच्चारलेलाच नसतो! हेच मूल "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस" असे घरांवरचे आकडे वाचत गेले, तर त्याची बेरीज होते. पट तोच, फासा तोच. पण आकडे वाचत पुढे मोजणाऱ्या मुलांनाच त्याचा खरा लाभ झाला.

मराठी मुलांना तर या सवयीची गरज अधिकच आहे. २७ लिहिताना आपण आधी २ लिहितो, पण 'सत्तावीस' म्हणताना आधी सात येतात. 'एकोणतीस' या शब्दात तर वजाबाकीच दडलेली आहे : एक उणा तीस. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असेही वाचन दिले गेले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे ही नावे मुलांना अवघड जातात. त्या वादात कोणी कोणतीही बाजू घेवो, अडचण खरी आहे. सापशिडीवर मूल घराचा आकडा पाहते, नाव उच्चारते आणि 'तिसाच्या एक घर अलीकडे' ही जागाही बोटाने चाचपते. एकोणतीस या नावाचा अर्थ याहून सोप्या रीतीने कसा सांगणार?

म्हणून धाकट्या भावंडाबरोबर खेळताना एक पथ्य पाळा. त्याला उशीर लागला तरी त्याची सोंगटी तुम्ही सरकवू नका आणि आकडे त्यालाच मोठ्याने वाचू द्या. "इतकेसुद्धा येत नाही?" हे वाक्य तर कधीच उच्चारू नका. 'मला गणित जमत नाही' ही समजूत पुष्कळदा अशाच एखाद्या वाक्यातून रुजते आणि दहावीपर्यंत सोबत करते.

तुमच्यासाठीही या पुठ्ठ्यावर काम आहे. सापशिडीची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. ७ च्या बरोबर वर १४ आहे, त्याच्या वर २७, त्याच्या वर ३४. आता बेरजा करा. ७ आणि १४ मिळून २१. शेजारच्या ८ आणि १३ चेही २१. पहिल्या दोन ओळींत कोठेही उभी जोडी घ्या, २१ च येतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ४१, तिसऱ्या-चौथ्या ओळीत ६१. कारण शोधायला कठीण नाही : एक घर उजवीकडे सरकले की एका ओळीतली संख्या एकाने वाढते आणि दुसरीतली एकाने घटते. मग नवव्या-दहाव्या ओळीत बेरीज किती येईल? पुठ्ठा न पाहता सांगा आणि मग पडताळा.

चार कवड्यांची प्रयोगशाळा

दुसरा पट चल्लस आठचा. जमिनीवर खडूने पाच गुणिले पाच असे पंचवीस चौकोन आखा. बाहेरच्या कडेला १६ घरे, त्यांच्या आत ८ आणि मध्ये १. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरावर फुली मारा. तेथून एकेका खेळाडूची सोंगटी निघते, बाहेरचा फेरा पुरा करून आत शिरते आणि आतला फेरा संपवून मधल्या घरात पोचते. मोजून पाहा, ही वाटचाल २४ चालींची होते. दान चार कवड्यांचे. जितक्या कवड्या उताण्या तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार. आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. चल्लस किंवा आठ पडले की पुन्हा एक दान मिळते. घरोघरी नियमांत थोडा फरक असतो, पण दानांची ही रीत सर्वसाधारण आहे. कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके चालतील.

आता प्रश्न असा, की आठ किती वेळा पडावे? कवडी उताणी आणि पालथी पडण्याचा संभव सारखाच आहे, असे तूर्त मानू. पहिली कवडी दोन तऱ्हांनी पडेल, दुसरी दोन, तिसरी दोन, चौथी दोन. एकूण तऱ्हा १६. मराठीच्या तासाला तुम्ही वृत्तांचे लघु-गुरू मांडता ना? चार अक्षरांत लघु-गुरूच्या जितक्या मांडण्या, तितक्याच या तऱ्हा. त्यांपैकी एकही कवडी उताणी नसण्याची तऱ्हा १, एक उताणी असण्याच्या ४, दोनच्या ६, तीनच्या ४ आणि चारही उताण्या असण्याची १. हीच १, ४, ६, ४, १ ओळ पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने मेरुप्रस्तारात मांडली आहे. पाठ्यपुस्तकात ती पास्कलच्या त्रिकोणात भेटते.

या हिशोबाने सोळा दानांत सरासरीने एक आठ, एक चल्लस, चार वेळा एक, सहा वेळा दोन आणि चार वेळा तीन पडावेत. एकूण ८ + ४ + ४ + १२ + १२ = ४०, म्हणजे दर दानाला अडीच. २४ चालींच्या वाटेला, सोंगटी मारली गेली नाही तर, सुमारे दहा दाने लागतील.

पण येथे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी हात वर करील. कवडी म्हणजे काही नाणे नव्हे! तिची पाठ फुगीर, पोट सपाट. दोन्ही बाजूंचा संभव सारखा कशावरून? हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. चार कवड्या शंभर वेळा टाका, म्हणजे ४०० नोंदी होतील. समजा, त्यांत १६० वेळा कवडी उताणी पडली. मग उताणी पडण्याचा संभव २/५ आणि पालथी पडण्याचा ३/५. आता आठचा संभव ३/५ चा चौथा घात, म्हणजे ८१/६२५. आणि चल्लसचा २/५ चा चौथा घात, म्हणजे १६/६२५. पाहिलेत? एका कवडीतला फरक थोडाच होता, पण चल्लसपेक्षा आठ पाचपट वेळा पडू लागले! हा घाताचा प्रताप. तुमच्या घरच्या कवड्यांचा आकडा निराळा येईल, आणि तोच तुमच्या प्रयोगाचा निष्कर्ष.

नोंदवहीचा आणखी एक उपयोग होतो. बराच वेळ आठ पडले नाही, की खेळाडू म्हणतो, "आता पडायलाच हवे." नोंदी तपासून पाहा : सलग दहा दाने आठ न पडल्यानंतर पुढच्या दानात आठ पडण्याचे प्रमाण काही वाढलेले दिसणार नाही. कवडीला आठवण नसते. मागचे दान तिला ठाऊक नसते आणि तुमची गरजही ठाऊक नसते. 'आता यायलाच हवे' या भरवशावर जुगारात संसार बुडवणारी शहाणीसुरती माणसे आपण पाहतो. चार कवड्यांवर आणि एका वहीवर हा धडा फुकट मिळतो. तो मोठेपणी फार महाग पडतो.

ठाणे-कल्याण लोकलचा पट

तिसरा पट तुम्ही स्वतः करायचा आहे. कागदाच्या पट्टीवर धिम्या लोकलची स्थानके ओळीने लिहा : ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आठ स्थानके, मध्ये सात टप्पे. ठाण्याला ०, कळव्याला १ असे करत कल्याणला ७ हा क्रमांक द्या. सोंगटी एकच, ती दिव्याला ठेवा. नाणे उडवा. छापा आला तर सोंगटी एक स्थानक कल्याणकडे, काटा आला तर एक स्थानक ठाण्याकडे. सोंगटी कल्याणला आधी पोचली तर पहिला खेळाडू जिंकला, ठाण्याला आधी पोचली तर दुसरा.

दिव्याहून ठाणे तीन टप्पे, कल्याण चार टप्पे. तेव्हा ठाण्याच्या खेळाडूला झुकते माप आहे, हे उघड आहे. पण किती? येथे अंदाज लिहून ठेवा, मग पुढे वाचा.

प्रत्येक स्थानकाखाली 'येथून कल्याण आधी गाठण्याचा संभव' लिहायचा आहे असे समजा. ठाण्याखाली ० येईल, कारण तेथे खेळ संपलेला आहे, कल्याणखाली १. मधल्या कोणत्याही स्थानकावरून पुढच्या नाण्याला अर्धा संभव डावीकडे जाण्याचा, अर्धा उजवीकडे. म्हणून त्या स्थानकाचा संभव हा दोन्ही शेजाऱ्यांच्या संभवांची सरासरी असलाच पाहिजे. ज्या रांगेत प्रत्येक संख्या शेजारच्या दोन संख्यांची सरासरी असते, ती रांग सारख्या पायऱ्यांनीच चढते. ० पासून १ पर्यंत सात सारख्या पायऱ्या : ०, १/७, २/७, ३/७, ४/७, ५/७, ६/७, १. दिव्याच्या वाट्याला ३/७, म्हणजे शेकडा सुमारे ४३. डाव न्याय्य करायचा असेल, तर कल्याणच्या विजयाला ४ गुण आणि ठाण्याच्या विजयाला ३ गुण द्या. सात डावांत सरासरीने दोघांचेही बारा-बारा गुण होतील.

या रांगेचा एक जुळा भाऊ प्रयोगशाळेत आहे. धातूच्या दांड्याचे एक टोक वितळत्या बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्यात ठेवा, आणि बाजूंनी उष्णता निसटू देऊ नका. थोड्या वेळाने दांड्याचे तापमान स्थिर होते, आणि तेव्हा प्रत्येक ठिकाणचे तापमान शेजारच्या दोन्ही ठिकाणांच्या सरासरीइतके असते. ठाण्याला ० अंश, कल्याणला १०० अंश. मग दिव्याला सुमारे ४३ अंश! नाण्याचा खेळ आणि दांड्यातली उष्णता यांचे गणित एकच आहे.

डाव किती वेळ चालेल, हेही काढता येते. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली यांखाली अनुक्रमे ६, १०, १२, १२, १०, ६ लिहा. ही सरासरीने लागणाऱ्या नाणेफेकींची संख्या आहे. पडताळा सोपा आहे : एक नाणे उडवून आपण शेजारी जातो, म्हणून प्रत्येक संख्या शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा १ ने मोठी हवी. दिव्याच्या शेजारी १० आणि १२, त्यांची सरासरी ११, अधिक १ म्हणजे १२. जमले! या संख्यांत एक सूत्र आहे : ठाण्यापासूनचे टप्पे गुणिले कल्याणपर्यंतचे टप्पे. दिव्याचे ३ × ४ = १२, डोंबिवलीचे ५ × २ = १०.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. टोके दोन्हीकडे चार-चार टप्प्यांवर असली तर मधून निघालेल्या सोंगटीला सरासरीने १६ नाणी लागतात. आठ-आठ टप्प्यांवर असली तर ६४. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट होतो. पाण्यात विरघळलेले साखरेचे रेणू असेच दिशाहीन धक्के खात पसरतात. म्हणूनच चहा न ढवळता साखर वरपर्यंत पोचायची वाट पाहिली, तर चहा निवून जातो. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या कणांची अशीच अखंड धडपड पाहिली होती. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी तिचे गणित मांडले, आणि पुढे त्यावरूनच रेणूंच्या अस्तित्वाविषयीच्या शंका मिटल्या. आपल्या कागदी पट्टीवरची सोंगटी त्या कणांच्याच जातीची आहे.

वर्गात खेळायचे असेल तर

शिक्षकांना हा शेवटचा खेळ एका तासिकेत घेता येईल. साठ विद्यार्थ्यांच्या तीस जोड्या करा आणि प्रत्येक जोडीने पाच डाव खेळावेत. एका डावाला सरासरीने बारा नाणी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत डाव आटोपतात. मग फळ्यावर सर्वांची बेरीज मांडा. एखाद्या जोडीत पाचही वेळा कल्याण जिंकले असेल. ती जोडी गणितावरचा विश्वास गमावून बसलेली असेल! पण १५० डावांच्या बेरजेत कल्याणचे विजय ६४ च्या आसपास, बहुधा पाच-दहा इकडेतिकडे, येतील. मोठ्या संख्येत नियम कसा डोके वर काढतो, हे मुलांनी स्वतःच्या नोंदींतून पाहावे. मात्र डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायला विसरू नये. अंदाज लिहिला, की निकालाची उत्सुकता लागते. तो चुकला तर 'का चुकला?' हा प्रश्न मूल आपण होऊन विचारते, आणि गणिताला सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

आता तुमच्यासाठी एक काम. लोकलच्या पटावर नाण्याऐवजी तुमच्या घरची एक कवडी वापरा : उताणी पडली तर कल्याणकडे, पालथी पडली तर ठाण्याकडे. सोंगटी डोंबिवलीहून सोडा. नाण्याने खेळताना येथून कल्याण आधी गाठण्याचा संभव ५/७ होता. कवडीने तो वाढेल की घटेल? कवडीच्या शंभर दानांची नोंद वहीत असेल तर अंदाज बांधता येईल. वीस डाव खेळा आणि अंदाज किती जुळला ते वहीत त्याच्याच शेजारी लिहा.